सफरचंदाच्या पेटीतले कंद

आमच्या घरात सकाळ हातोडीच्या आवाजानं व्हायची. अब्बा फळांचे व्यापारी. अंबाजोगाईत बसस्टँडच्या बाजूला त्यांचं दुकान होतं, आणि दुकानात न मावणारा सगळा पसारा घरच्या अंगणात. भल्या सकाळी हर्राशीत बोली लावून घेतलेल्या पेट्या हातगाडीवरून घरी यायच्या. अब्बा पायरीवर बसून त्यांच्या फळ्या उचकटायचे, माल निवडायचे, आणि निघालेले वाकडे खिळे दगडावर ठेवून एकेक सरळ करायचे. खिळा फेकून द्यायचा असतो हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्या ठोक्यांबरोबर सफरचंदाच्या पेटीतल्या वाळक्या गवताचा वास घरभर पसरायचा, आणि चुलीवर अम्मीची भाकरी. आज माझ्या घरात कुणी हातोडी हातात घेतली की मला उगीचच भूक लागते.

फळवाल्याच्या घरात फळांची चंगळ असेल असं माझ्या मैत्रिणींना वाटायचं. आमच्या घरात चांगलं फळ कुणी खाल्लंच नाही. चांगला माल दुकानात, डागी माल घरात, हा कायदा होता. डाग काढून उरलेल्या सफरचंदाचा मुरब्बा, काळ्या पडलेल्या केळ्यांचं शिकरण, वेळेआधी पडलेल्या पपईची तिखट भाजी. जुम्म्याला खिचडी आणि चिंचेचं खट्टं असायचं, तेवढ्या दिवशी फळांपासून सुटका. लग्न होऊन सासरी गेले तेव्हा अख्खं सफरचंद दातांनी तोडून खाताना मला चोरी केल्यासारखं वाटलं होतं.

अब्बांचा खरा हातखंडा फळं पिकवण्यात होता. कच्चे चिकू नाहीतर केळी गोणपाटात गुंडाळायची आणि त्यांच्या पोटात एखादं पिकून मऊ पडलेलं सफरचंद ठेवून द्यायचं. "पिकल्याल्याची वाफ कच्च्याला लागती," असं ते सांगायचे, आणि गोणपाट कधी उघडायचं हे नुसतं नाक जवळ नेऊन ठरवायचे. त्यांचं कधी चुकल्याचं मला आठवत नाही. इतर व्यापारी पावडर वापरायचे. अब्बांना ती आवडत नव्हती, त्यानं घशाला खाज येते म्हणायचे.

अंगणाचा बहुतेक भाग पेट्यांचा. उरलेली भिंतीकडची चिंचोळी पट्टी अम्मीची. अम्मी उमापूरच्या बाजूच्या एका खेड्यातली. त्या गावात मुसलमानांची घरं थोडी, त्यामुळं तिची जीभ मराठीवर वळलेली. अब्बा पाहुण्यांशी दखनी बोलायचे, तिच्याशी मात्र मराठी. आम्ही मुली दोन्हीची खिचडी करायचो. तर त्या पट्टीत अम्मीनं बाग केली होती. बाग म्हटलं की डोळ्यांपुढं जे येतं त्यातलं तिथं काही नव्हतं. गुलाब नाही, जास्वंद नाही, मोगरासुद्धा नाही. तिला ठेंगणीच झाडं आवडायची, तीही कंदातून येणारी. वीतभराच्या वर गेलेलं झाड तिच्या मनातून उतरायचं. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "उंच झाड येणाऱ्या-जाणाऱ्याचं. ह्ये खाली बसून बघणाऱ्याचं." तिला खाली बसायला किती वेळ मिळायचा हा प्रश्न वेगळा.

डालड्याच्या डब्यांत गुलाबी आणि पांढऱ्या पावसाळी लिली होत्या. जमिनीत भुईचाफा होता. मे महिन्यात सगळं अंगण तापून निघालेलं असताना कोरड्या मातीतून, एकही पान नसताना, त्याचं जांभळट पांढरं फूल थेट वर यायचं आणि मातीला चिकटूनच उघडायचं. इतर दिवसांत त्या पट्टीत बघण्यासारखं काही नसायचं. नुसती माती, आणि कोंबड्यांनी ती उकरू नये म्हणून अब्बांनी पेट्यांच्या फळ्या ठोकून केलेलं बुटकं कुंपण. फळ्यांवर सफरचंदाची शाईतली चित्रं होती. शेजारच्या काकू म्हणायच्या, "शकीला, तू मातीला राखण बसवलीस गं." अम्मी हसायची आणि कोंबड्या हाकलायची.

ही बाग कुणासाठी होती ते घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर कुणी बोलायचं नाही. माझ्या आधी अम्मीला एक मुलगा झाला होता, मुनीर. दोन वर्षांचा होऊन तापानं गेला. मी त्याला पाहिलेलं नाही. त्याच्याबद्दल मला दुःख वाटायला हवं अशी सगळ्यांची अपेक्षा असायची आणि मला ते वाटायचं नाही. कधी कधी हेवा वाटायचा, कारण तो काहीच न करता शहाणा होता आणि मी दिवसभर राबूनही नव्हते. आमच्याकडं बायका कब्रस्तानात जात नसत. मुनीरला अब्बा आणि चार माणसं घेऊन गेली, अम्मी दारात उभी राहिली. त्याची कबर तिनं कधी बघितली नव्हती. शब-ए-बारातच्या दिवशी पुरुष आपापल्या माणसांच्या कबरीवर फुलं वाहायला जातात. त्या दिवशी अम्मी आपल्या पट्टीतलं फूल तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून अब्बांच्या हातात द्यायची. तेवढाच तिचा आणि त्या कबरीचा संबंध.

बाजारातलं फूल तिला चालत नसे. एकदा घरात फूल नव्हतं म्हणून अब्बांनी कोपऱ्यावरून गुलाबाच्या पाकळ्या आणल्या. अम्मीनं त्या पाण्याच्या वाटीत टाकल्या आणि वाटी फडताळावर ठेवली. "बाजारातलं कुणीबी आणतंय. त्याला मायीनं धाडलंय ह्ये कसं कळावं?" अब्बा नुसती अगरबत्ती घेऊन गेले.

आता यातली अडचण अशी की शब-ए-बारात चंद्राच्या हिशोबानं येते, आणि म्हणून दर वर्षी थोडी थोडी अलीकडं सरकते. मुनीर गेल्यावरच्या वर्षांत ती पावसाळ्याच्या आसपास यायची, तेव्हा लिली असायची. मी शाळेत होते तेव्हा ती उन्हाळ्यात आली, तेव्हा भुईचाफा होता. मी कॉलेजात गेले तोवर ती सरकत सरकत हिवाळ्याच्या शेवटाला येऊन टेकली. त्या दिवसांत अम्मीचे सगळे कंद झोपलेले. दोन वर्षं तिनं फूल पाठवलं नाही. त्या दोन्ही दिवशी घरात हलवा झाला, शेजारी वाटला गेला, आणि अम्मीनं तो तोंडात घातला नाही. अजून कितीतरी वर्षं शब-ए-बारात हिवाळ्यातच येणार होती. अम्मीला कॅलेंडर वाचता येत नव्हतं, पण हा हिशोब तिचा पक्का होता.

आमच्या गावात थंडीच्या सुरुवातीला काश्मीरकडचे शालवाले यायचे आणि थंडी सरेपर्यंत राहायचे. त्यातले हबीबचाचा अब्बांच्या ओळखीचे होते. दिवसभर पाठीवर गाठोडं घेऊन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांच्या बंगल्यांवर फिरायचे आणि संध्याकाळी आमच्या पायरीवर बसून चहात भाकरी बुडवून खायचे. आमच्या भाकरीची त्यांना आधी भीती वाटायची, नंतर सवय झाली. अम्मीची हलव्याला हात न लावण्याची गोष्ट त्यांनी पाहिली होती. कारण अब्बांनी सांगितलं असावं. पुढच्या हिवाळ्यात ते आले तेव्हा गाठोड्यातून एक कापडी पिशवी काढून त्यांनी अम्मीपुढं ठेवली. आत जाळीदार सालीत गुंडाळलेले, लसणाच्या गड्ड्याहून लहान असे कंद होते.

ते म्हणाले, हे सोसन आहे. आमच्याकडं कबरींवर सोसन लावतात. मोठ्यांच्या कबरीवर मोठं, आणि आमच्या घरची रीत अशी की लहान मुलांच्या कबरीवर हे लहान. माझी धाकटी बहीण गेली तेव्हा आईनं लावलं होतं, त्यातलेच हे. बर्फ वितळायला लागला की त्यातून वर येतं, बोटभर उंच, निळं. अम्मीनं लगेच विचारलं, "कोणत्या महिन्यात?" त्यांनी सांगितलेला काळ शब-ए-बारातशी जुळत होता. अम्मी कंद हातात घेऊन इतका वेळ बसून राहिली की चुलीवरचं कालवण करपलं. आमच्या घरात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

जाताना हबीबचाचा बजावून गेले, "बहनजी, पहले इनको ठंड में सोने दो. अच्छी ठंड में. नहीं सोए तो फूल नहीं देंगे."

आता अंबाजोगाईत अच्छी ठंड कुठून आणायची? आमची थंडी म्हणजे सकाळी शेकोटी आणि दुपारी घाम. घरात फ्रीज नव्हता. अम्मीनं माठाखालची ओली वाळू सुचवली, शेजारच्या काकूंनी विहीर सुचवली. अब्बा खिळे ठोकता ठोकता सगळं ऐकत होते. मग म्हणाले, "बर्फाच्या कारखान्यात माझ्या पेट्या हायेत की."

रमजान शब-ए-बारातच्या पाठोपाठ येतो, आणि रमजानात सफरचंदाला मागणी असते. म्हणून अब्बा दर वर्षी हंगामातल्या काही चांगल्या पेट्या बर्फाच्या कारखान्यातल्या थंड खोलीत ठेवून द्यायचे. त्यांनी अम्मीच्या हातातून पिशवी घेतली. मीही त्यांच्याबरोबर गेले होते. खोलीत पाय टाकला की दात वाजायचे. अब्बांनी सगळ्यांत आतली, भिंतीला लागलेली पेटी निवडली, तिच्या फळ्या न मोडता उचकटल्या, वरचा थर बाजूला केला आणि गवतात हातानं घरटं करून कंदांची पिशवी बरोबर मधोमध ठेवली. वर पुन्हा सफरचंदं लावली, गालिचा अंथरावा तशी. मी विचारलं, "अब्बा, नुसती कोपऱ्यात ठेवली असती तर?"

"कावून? एकटी कशाला?" ते म्हणाले. "सफरचंद बी तिकडचं, कांदे बी तिकडचेच. आपल्या मुलखाच्या संगतीत निवांत झोपतील."

घरी येऊन त्यांनी हेच अम्मीला सांगितलं. अम्मीला ते इतकं पटलं की तिनं दोनदा सांगायला लावलं. पुढं आठवड्यातून एकदा ते पेट्या बघायला जायचे तेव्हा अम्मी दारातून विचारायची, "झोपलेत का?" आणि अब्बा तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "घोरायलेत." माझे आईवडील एकमेकांशी थट्टेनं बोलू शकतात हे मला त्या हिवाळ्यात पहिल्यांदा कळलं. मुनीर जाण्याआधी ते असेच बोलत असतील असंही तेव्हा वाटलं, आणि या मुलाबद्दलचा माझा हेवा थोडा कमी झाला.

थंडी ओसरायला लागली तसे कंद घरी आले. टणक होते, एकही सडला नव्हता. अम्मीनं एका पसरट कुंडीत वाळू मिसळून ते लावले आणि कुंडी सावलीत ठेवली. थोड्याच दिवसांत चौकोनी काड्यांसारखी हिरवी पानं वर आली. एवढं बारीक, एवढं नेमकं पान आम्ही पाहिलं नव्हतं. शेजारच्या काकू बघून गेल्या, मोहल्ल्यातल्या बायका बघून गेल्या. अम्मी रोज सकाळी भाकऱ्या टाकायच्या आधी कुंडीजवळ उकिडवी बसायची. पानांच्या मधे कळ्यांची टोकं दिसू लागली तेव्हा तिनं फूल गुंडाळायचं फडकं धुऊन वाळत घातलं.

ती टोकं उघडली नाहीत. आधी फिकी पडली, मग तपकिरी झाली, मग कांद्याच्या सालीसारखी कोरडी. सगळ्याच कंदांचं तेच. पानं मात्र हिरवीगार, तरतरीत. अम्मीनं कुंडी उन्हात ठेवून बघितली, सावलीत ठेवून बघितली, पाणी वाढवलं, तोडलं. अब्बा येता-जाता बघायचे आणि दुकानात जायचे. एकदा मी त्यांना कुंडीवर नाक टेकवून वास घेताना पाहिलं. फळांचं त्यांना तसं कळायचं. याचं कळलं नाही.

शब-ए-बारातच्या दिवशी सकाळपासून घरात रवा भाजल्याचा वास होता. जोहरची, दुपारची नमाज झाल्यावर अब्बा पांढरा कुर्ता घालून, अगरबत्तीचा पुडा घेऊन पायरीवर उभे राहिले. दर वर्षी याच जागी उभे राहून ते फडक्याची वाट बघायचे. अम्मी आतून आली. तिच्या अंगात बुरखा होता आणि हातात ती कुंडी.

अब्बा म्हणाले, "ह्ये काय?"

"फूल आलं न्हाई. झाडच नेऊ."

"दे की मग इकडं. मी ठिवतो."

"ठिवायचं न्हाई, लावायचंय. तुमाला लावता येतंय का?" अम्मीचा आवाज चढलेला नव्हता. "तुमी फळं विकता. कांद्याचं तोंड वर का खाली तुमाला ठावं न्हाई."

अब्बांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ते पायरी उतरले आणि चालायला लागले, पण नेहमीपेक्षा सावकाश. अम्मी त्यांच्या मागं निघाली, आणि कुणी बोलावलं नसताना मी अम्मीच्या मागं.

कब्रस्तानाच्या फाटकाशी राखणदार बसले होते, वयस्कर माणूस. आम्हाला बघून ते उठले. "फळवाले, बायामाणसं आत येत न्हाईत. तुमाला ठावं हाय." आत मोहल्ल्यातले पाचसात पुरुष होते, तेही वळून बघायला लागले. मला वाटलं आता परतायचं. अम्मीनं कुंडी छातीशी धरली होती आणि पानं बुरख्याच्या काळ्या कापडावर हिरवीगार दिसत होती.

अब्बांनी त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. "झाड लावायचं हाय," ते म्हणाले. "मला येत न्हाई."

एवढंच. माझे अब्बा हर्राशीत कुणाला ऐकायचे नाहीत, भाव तोडायचे, आवाज चढवायचे. त्या दिवशी त्यांनी सरळ सांगून टाकलं की मला येत नाही. राखणदारांनी कुंडीकडं पाहिलं, अब्बांकडं पाहिलं, आणि बाजूला होऊन पाठ फिरवली. आम्ही आत गेलो.

मुनीरची कबर कडुलिंबाच्या पलीकडं होती. कच्च्या कबरी वर्षा-दोन वर्षांत बसतात, सपाट होतात, कुणाची कुठली ते ओळखू येत नाही. ही येत होती. तिच्या चारी बाजूंनी फळ्या ठोकून बुटकं कुंपण केलेलं होतं, घरच्या पट्टीला होतं तसंच, फळ्यांवर तीच शाईतली सफरचंदं. काही फळ्या जुन्या, वाळवीनं खाल्लेल्या, काही अगदी नव्या. म्हणजे अब्बा त्या दर वर्षी बदलत होते. मी लहानपणापासून सकाळी ऐकलेल्या ठोक्यांतले काही या कुंपणासाठी होते, आणि अब्बांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. अम्मी कुंपणाशी खाली बसली. तिनं एका फळीवरून हात फिरवला, खिळ्यापाशी थांबली. मग मोठ्यानं रडली. मी तिला तसं रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. अब्बा तोंड फिरवून उभे होते, पण त्यांचे खांदे हलत होते. मलाही रडू आलं, आणि ते मुनीरसाठी नव्हतं, त्या दोघांसाठी होतं.

रडून झाल्यावर अम्मीनं हातानं माती उकरली आणि कंद लावले, तोंड वर करून. घरी आल्यावर तिनं हलवा खाल्ला.

उन्हाळ्यात ती पानं वाळून गेली आणि पुन्हा आली नाहीत. पण अम्मी जात राहिली. झाडाला बघायला जावं लागतं, असं ती सांगायची. पावसाळ्यात तिनं तिथं लिली लावली, भुईचाफा लावला. मोहल्ल्यात काही दिवस कुजबुज झाली, मग आणखी दोन बायका आपापली रोपं घेऊन जायला लागल्या. हबीबचाचा नंतर एकदोन हिवाळे आले, मग त्यांचं येणं थांबलं. पुढं अब्बाही गेले, बरीच वर्षं झाली. त्यांची कबर मुनीरच्या शेजारी आहे.

अम्मी आता माझ्याकडं असते. ऐकू कमी येतं, पण डोकं माझ्यापेक्षा साफ आहे. माझी मुलगी सायरा शेतकी कॉलेजात शिकली. मी सोसनची गोष्ट सांगितलेली तिनं लक्षात ठेवली होती. गेल्या थंडीत तिनं पार्सलनं तसलेच बुटके कंद मागवले. ते फ्रीजमध्ये ठेवायच्या आधी तिनं सगळी फळं बाहेर काढली आणि आम्हाला ताकीद दिली, "मम्मी, कंद आहेत तोवर फ्रीजमध्ये सफरचंद दिसता कामा नये." मी कारण विचारलं. पिकलेल्या फळातून वायू सुटतो, ती म्हणाली, त्यानं कच्चं फळ पिकतं, पण कंदाच्या पोटातली कळी मरून जाते. पान येतं, फूल येत नाही. सफरचंद त्यात सगळ्यांत वाईट.

मी खुर्चीवर बसले. पिकलेल्याची वाफ. आयुष्यभर त्या वाफेवर धंदा केलेल्या माणसानं ते कंद स्वतःच्या हातानं, सगळ्यांत चांगल्या पेटीत, बरोबर मधोमध ठेवले होते.

फूल उघडलं त्या सकाळी मी कुंडी अम्मीच्या मांडीवर ठेवली. बोटभर उंच, गर्द निळं, पाकळीवर पिवळी रेघ. "असं असतंय व्हय," ती म्हणाली आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मग मी तिच्या कानाशी वाकून सफरचंदाचं सगळं सांगितलं. सांगावं की नाही हे मला ठरवता आलं नव्हतं, पण तिच्यापासून लपवून मी ते एकटी कुठं ठेवणार होते? आधी तिला पटलं नाही. मग पटलं, आणि ती हसायला लागली, तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

हसणं थांबल्यावर तिनं फूल देठाशी खुडलं, स्वतःच्या रुमालात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. तिचे गुडघे आता तिथवर जाऊ देत नाहीत.

"मुनीरला नेऊन दे," ती म्हणाली. "आन् तिथं सफरचंदाचं काई बोलू नगंस. लई जीव लावून ठिवलते त्यांनी. बाजूलाच हायेत, ऐकतील."